काशीत मरायचं नाही

सासूबाई आणि मी कधीच भांडलो नाही, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. आम्ही प्रार्थना करत असू.

संध्याकाळी सातला चटई पसरायची, शास्त्रातला एक भाग वाचायचा, एक गीत म्हणायचं आणि मग पाळीपाळीनं प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, ही आमच्या घरची रीत. आमच्या नगरकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत ती आहे. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम. सासूबाईंनी चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून खेडोपाडी पायी फिरून, बायकांना ओसरीवर बसवून शास्त्र शिकवलेलं. त्यामुळे या नियमाचा उपयोग त्यांना पुरता ठाऊक होता. "हे प्रभू, माझी सून गुणाची आहे, पण तिला पालेभाजी चिरण्याआधी धुण्याची बुद्धी दे." आता बोला! उत्तर द्यायची सोयच नाही. पाळी येईपर्यंत मी दातओठ खात बसत असे, आणि मग मीही प्रभूला विनवत असे की ज्यांना दिसतं कमी आणि दिसल्यासारखं वाटतं जास्त, अशा सर्वांवर दया कर. शेवटी आमेन म्हणायचं काम नवऱ्याचं. तो बिचारा दोन्हीकडे सारख्याच आवाजात आमेन म्हणायचा आणि जेवायला उठायचा.

खरं सांगायचं तर माझी भक्ती बेताचीच. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन महिन्यांची होते. दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे कळत्या वयात चर्चमध्ये विश्वास कबूल करताना, सगळं लक्ष नव्या फ्रॉककडे होतं आणि लग्नात नवऱ्याच्या मामीनं केलेल्या अपमानाकडे. देवाशी माझं म्हणून काही बोलणं असं झालंच नव्हतं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हापासून ते रोज होऊ लागलं, तेही त्यांच्याबद्दल.

नवऱ्याची बँक, बँकेची बदली, आणि म्हणून आम्ही वाराणसीत. अमृतराव घाटाच्या वरच्या अंगाला एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. भिंतीला भिंत लागून शेजारच्या काकू राहायच्या. त्यांचं घराणं सात पिढ्यांपूर्वी पुण्याकडून काशीत आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. घरात एकट्याच. मुलगा बंगळुरूला. काकूंनी क्षेत्रसंन्यास घेतलेला, म्हणजे जिवंतपणी काशीची हद्द सोडायची नाही. मरण काही सांगून येत नाही, आणि आलं तर ते काशीतच यायला हवं. नातवाच्या मुंजीलासुद्धा त्या गेल्या नव्हत्या.

आणि सासूबाईंची गट्टी जमली ती नेमकी यांच्याशी. दुपारी दोघी काकूंच्या ओट्यावर मटार सोलत बसायच्या. एक म्हणायची गंगा, दुसरी म्हणायची कृपा. दोघींनाही कमी ऐकू यायचं, म्हणून कुणीच कधी हरलं नाही. एकदा काकू अगदी मायेनं म्हणाल्या की बाई, तुमचं भाग्य बघा, लोक जिंदगीभर तरसतात आणि तुम्ही शेवटाला आपसूक काशीत पोचलात.

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

त्या संध्याकाळी माझ्या भाजीचा उल्लेख झाला नाही. "हे प्रभू, मला काशीतून उचलू नकोस," एवढं म्हणून त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःचाच नियम मोडून मधेच आमच्याशी बोलू लागल्या. चाळीस वर्षं उन्हातान्हात सांगत फिरले, की तारण गावानं होत नाही, नदीनं होत नाही, फुकट मिळतं, कृपेनं मिळतं. आता मी काशीत मेले, तर अख्खा तालुका म्हणेल, म्हातारीनं शेवटी काशी गाठलीच! माझ्या सगळ्या शिकवणीवर पाणी फिरेल, तेही गंगेचं.

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. नगरला परत न्यावं, तर डॉक्टरनं त्यांच्या हृदयाकडे बघून रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला साफ नकार दिलेला. मग उपाय काय? उपाय काकूंनीच सांगितला. नदी ओलांडली की काशी संपली. पलीकडे रामनगर आहे, तिथे खुशाल मरा.

नवऱ्यानं ओळखीनं रामनगरच्या बाजारामागे एक खोली घेतली आणि आमचा तमाशा सुरू झाला. थर्मामीटरनं नव्याण्णव दाखवलं की मी कुकर, गॅसची शेगडी आणि चादरी बांधायची, नवऱ्यानं रिक्षा आणायची आणि आम्ही तिघं मरायला निघायचं. पहिल्याच खेपेला पुलावर नवऱ्यानं शंका काढली की समजा मधोमधच काही झालं तर? रिक्षावाला गाडी चालवता चालवता पूर्ण मागे वळला. प्रश्न त्याच्या आवडीचा होता. आधा पुल काशी का, आधा उस पार का, असा त्यानं निकाल दिला. त्यावर सासूबाईंनी त्याला हुकूम केला की अर्ध्यापर्यंत भरधाव ने, पुढे मग बैलगाडीसारखा गेलास तरी चालेल.

रामनगरचा घरमालक पत्र्याच्या ट्रंका बनवायचा. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर त्यानं हातोडी खाली ठेवली. माताजी उलट्या दिशेनं आल्यात, म्हणाला. इथे जो मरतो तो पुढच्या जन्मी गाढव होतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. त्यानं स्वतः मुलांना बजावून ठेवलं होतं की पहिली उचकी लागली की मला नावेत घाला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या की आमच्यात पुढचा जन्मच नसतो, तेव्हा गाढवही नाही. त्यानं खूप विचार केला. आणि समजा माताजींची समजूत चुकीची निघाली तर? ते गाढव सवयीनं इथेच येऊन उभं राहील, त्याचं काय? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते उगीच नाही. नवऱ्यानं कबूल केलं की गाढव झाल्यास ते आम्ही घेऊन जाऊ. तोंडी कबूल केलं. बँकेतला माणूस लेखी कशाला देतोय.

रामनगरला पोचलं की ताप उतरायचा. दोन दिवसांनी सासूबाईंना काकूंची आठवण यायची की परत काशी. एका हिवाळ्यात चार वेळा आम्ही मरायला गेलो आणि चार वेळा मटार सोलायला परत आलो.

मग डॉक्टरनं सांगितलं की आता हृदयाचा काही भरवसा नाही. झालं! सासूबाईंनी रामनगरला कायमचा मुक्काम ठोकला. त्यांच्यासोबत मी, आणि नवरा पलीकडे खानावळीत. दिवसभर बाहेर ट्रंकांवर हातोडी. काकू तर पूल ओलांडू शकत नव्हत्या, म्हणून मी दोघींना व्हिडिओ कॉल लावून द्यायची. दोघी फोन कानाला लावायच्या आणि एकमेकींना आपापला कान दाखवत तासभर बोलायच्या. फोन ठेवला की सासूबाई भिंतीकडे बघत बसायच्या. जेवण कमी झालं होतं. मरणाची जागा मिळवायला त्यांनी जगण्याची जागा सोडली होती, हे मला दिसत होतं आणि त्याचा रागही येत होता.

एका संध्याकाळी दूध उतू गेलं, डोकं आधीच हातोडीनं उठलेलं, आणि प्रार्थनेत माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "हे प्रभू, काशीनं कुणी तरत नाही असं जे सांगतात, ते काशीला एवढे घाबरतात कशाला? काशीवर एवढा विश्वास तर शेजारच्या काकूंचाही नाही."

नवरा नव्हता, त्यामुळे आमेन कुणीच म्हटलं नाही. मी डोळे उघडले, तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. कुणीतरी भर बाजारात पदर ओढावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. खरं बोलल्याचं समाधान मला दीड मिनिट पुरलं. मग फार वाईट वाटलं. ऐंशी ओलांडलेल्या बाईची आयुष्यभराची शिकवण मी दूध उतू गेल्याच्या रागात तिच्याच अंगावर फेकली होती. तीन दिवस त्यांनी फक्त दिवसाच्या अन्नाबद्दल आभार मानले आणि झोपल्या.

चौथ्या दिवशी नवऱ्याच्या तोंडून निसटलं की काकू न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आठवडाभरानं त्या घरी आल्या आहेत. मुलगा येऊन राहून परत गेला होता. सकाळी एक बाई येऊन करून जायची, बाकी दिवस काकू छताकडे बघत. आम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं; नवऱ्याला काकूंनी शपथ घातली होती, आणि फोनवर तर नुसता कानच दिसायचा. फोनवर म्हणाल्या, सब ठीक आहे, तुम्ही येऊ नका हं बाई, तुम्हाला चालायचं नाही.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि शाल शोधू लागल्या. "रिक्षा बोलाव," म्हणाल्या.

मी डॉक्टरचं नाव घेतलं. काकूंना त्या वहिनी म्हणायच्या. म्हणाल्या, वहिनी एकट्या आहेत. मी विचारलं, आणि तिकडे काही झालं तर?

"झालं तर झालं. तारणारा काय पूल बघून मागे फिरतो?"

त्या दिवशी पुलावर त्यांनी रिक्षावाल्याला हळू म्हटलं नाही की जोरात म्हटलं नाही. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, घट्ट धरू नकोस, बांगडी रुतते.

पुढचे अकरा दिवस सासूबाई काकूंच्या खाटेशी खुर्ची टाकून होत्या. काकूंची जपमाळ चालायची, यांचं वाचन चालायचं, आणि मधेच दोघी सकाळी येणाऱ्या बाईच्या कामाला नावं ठेवायच्या. मी तिथेच दोन्ही घरांचा स्वयंपाक करायची. एकदा काकूंनी मला समजावलं की काशीत माणूस जातो तेव्हा खुद्द महादेव त्याच्या कानात तारकमंत्र सांगतात. आपण नुसतं तोंडात गंगेचं पाणी घालायचं आणि कानाशी रामनाम घ्यायचं, बाकी ते बघतात. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला आणि वचन मागितलं की मला काही झालं, तर माझ्या तोंडात पाणी नको आणि कानात नाव नको. ज्याचं ऐकायचं त्याचं मी ऐकलेलं आहे. काकूंनी दुसऱ्या हातातली माळ उशाशी ठेवली. मग त्यांनी वचन दिलं.

बाराव्या दिवशी दुपारी मी काकूंची औषधं आणायला गेले. औषधवाल्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून अर्धा तास लागला. परत आले तर सासूबाई खुर्चीत बसल्या जागी पुढे झुकलेल्या, डोकं खाटेच्या काठावर, हात काकूंच्या हातात. मला वाटलं डुलकी लागली. काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

चर्चच्या दफनभूमीत हिंदीतून विधी झाला. मराठी गीत म्हणणारी आम्ही दोघंच, नवरा आणि मी, आणि नवरा बेसूर. गावाकडून फोन आले, आणि सासूबाईंनी सांगितलं होतं त्याच शब्दांत सगळे बोलले. रामनगरच्या ट्रंकवाल्यानंही फोन केला. माताजी गाढव व्हायच्या वाचल्या, म्हणून त्याला मनापासून आनंद झाला होता. मला हसू आलं आणि हसता हसता मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून पोटभर रडले. इतकी वर्षं जिच्याविरुद्ध देवाकडे तक्रारी केल्या, तिच्याशिवाय सातला चटई पसरायची कशाला, हेच मला कळेना.

पाचव्या दिवशी मी काकूंकडे मऊ खिचडी घेऊन गेले. आदल्या दिवसापासून त्या जेवत नव्हत्या. तोंड भिंतीकडे. मी पाठीवर हात फिरवला, तेव्हा भिंतीकडेच बघत बोलायला लागल्या. त्या दुपारी सासूबाईंचा श्वास अडकला, तेव्हा काकूंना सगळं कळत होतं. उठता येत नव्हतं. गंगेच्या पाण्याचा तांब्या हाताशी होता, डोकं एवढं जवळ की कानाशी नुसतं पुटपुटलं असतं तरी पुरलं असतं. नाव ओठांवर आलं होतं.

"मी गिळलं गं ते. वचन दिलं होतं ना. ओठ मिटून नुसता हात धरून बसले. सात पिढ्यांत आमच्या घरात कुणाला असं कोरडं जाऊ दिलं नाही. आणि ज्या माझ्यासाठी पूल ओलांडून आल्या, त्यांनाच मी…"

मी खिचडीचा वाडगा हातात धरून उभी होते. ज्याच्यासाठी या बाईनं नातवाची मुंज सोडली, जगातलं सगळ्यात मोलाचं म्हणून जे जपलं, ते मैत्रिणीला देता येत असून तिनं दिलं नव्हतं, मैत्रीण नको म्हणाली म्हणून. चाळीस वर्षं सासूबाई ज्या प्रेमाबद्दल ओसऱ्यांवर सांगत फिरल्या, ते याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

काकू माझ्याकडे वळल्या. डोळे सुजलेले. लहान मुलीसारख्या विचारू लागल्या, की बाईंना तिकडे आत घेतलं असेल ना? आणि तुमचे प्रभू माझ्यावर नाराज तर नसतील?

"नाराज?" मी म्हटलं. "तुमच्यावर रागवायचं त्यानं नुसतं मनात आणू दे काकू, मग त्याची गाठ माझ्याशी आहे."

हे मी काकूंना म्हटलं, पण मान वर करून, चांगलं मोठ्यानं म्हटलं, त्यालाही ऐकू जावं म्हणून.