बारा महिन्यांची एम.ए.

महादेवी मॅडमना कुणाशी भांडायचं असलं की त्या आधी त्याच्यासाठी चहा सांगायच्या. "उपाशीपोटी भांडू नये सर, नको ते तोंडातून जातंय," म्हणायच्या. सोलापूरला सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना दोन चहा पाजून झाले.

अक्कलकोटच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी. घरात कानडी, दारात मराठी. बी.ए. आमच्याकडेच केलं, मग आयर्लंडला जाऊन एम.ए. तिथली एम.ए. एका वर्षाची. परत आल्यावर आम्ही सत्कार केला. हार, नारळ, सोलापुरी चादर, सगळं यथासांग. 'कॉलेजची शान' यावर प्राचार्य न थांबता बोलले.

मग कायम जागा निघाली आणि त्याच प्राचार्यांनी अर्ज बाद केला. का, तर आपल्याकडे एम.ए. दोन वर्षांची, म्हणून ही समकक्ष नाही. तासावारी शिकवा म्हणे, त्याला हरकत नाही! माझं डोकंच सणकलं. "सत्काराला चालते, वर्गात चालते, पगाराला तेवढी चालत नाही व्हय?" मी भर बैठकीत विचारलं. सगळे पंख्याकडे बघत बसले.

मॅडमनी प्राचार्यांना चहा सांगितला. "वर्षं काय मोजताय सर? मला काय येतंय ते विचारा की."

"नियम आहे, मॅडम."

"मग वरती लिहा की, नियम चुकलाय म्हणून."

प्राचार्यांनी चहा प्यायला. लिहिलं काही नाही. असल्या माणसांची मला अजून चीड येते.

शेवटी मॅडमनी इथली एम.ए. बाहेरून केली. परीक्षेला त्या आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी बसल्या. त्यांना बघून पोरं उठून उभी राहिली. "बसा रे, आज मीबी तुमच्यातलीच," त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या बाकावर प्रश्नपत्रिका मीच ठेवली. मला हसू आलं नाही.

दुसरी पदवी हातात येईपर्यंत जागा भरली गेली होती. आयर्लंडच्या विद्यापीठाने मात्र शिकवायला बोलावलं. आमचं सोलापूरचं बी.ए. त्यांनी पहिल्या दिवशीच मान्य केलं होतं, आणि आम्ही?

स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा रागाच्या भरात बोलून गेलो, "मॅडम, आता परत येऊ नका हितं."

त्या माझ्यावरच भडकल्या.

"का येऊ नको? सोलापूर काय त्यांच्या बापाचं हाय व्हय?"