देवीच्या कोंबड्याची पिसं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही तानूवहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल.

महाराज नुकतेच गादीवर बसले होते. मी मंगळवार पेठेतला पटवेकरी — रेशमात दागिने ओवणं हा धंदा. एक साहेब पंचगंगेवर मासे धरायला यायचा. त्यानं विलायतेची एक नकली माशी माझ्यापुढं ठेवली. गळावर रेशीम गुंडाळलेलं, अंगाला सशाची लव, मानेला पिसाचा वेढा. मासा तिला खरी समजून गिळतो म्हणे. अशीच करून दे, म्हणाला.

हात माझा सरावलेला. पण माझ्या माशा बुडायच्या! तरंगायला पिसं ताठ हवीत — जून कोंबड्याच्या मानेची, आणि राखी रंगाची. माझी बुडती माशी बघून साहेब हसला. ते हसणं मला फार झोंबलं.

तसा कोंबडा आळीत एकच होता. शेजारच्या तानूवहिनींचा. पोरगा तापातून उठला तर हाच कोंबडा देईन, असा त्यांनी मरीआईला नवस केला होता. पोरगा उठलाही होता. आता जत्रेचीच वाट होती. देवीचा कोंबडा अंगानं धड लागतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं. चांगलं माहीत होतं.

वहिनी धुणं घेऊन नदीवर गेल्या, आणि मी — भर दुपारी — त्याची मान ओरबाडली.

माशी तरंगली. मासाही लागला. साहेबानं पाठ थोपटली, आणि मी — काय सांगू — फुशारून घरी आलो.

वहिनींनी ती उघडी मान पाहिली आणि मटकन खाली बसल्या. "भावजी, देवीनं माझा कोंबडा नाकारला वो." तेव्हाच बोलायचं होतं. एका वाक्याचं तर काम! मी म्हणालो — देवीची मर्जी, वहिनी. हो, मीच म्हणालो.

पावसाळ्यात ताप परतला. पोरगा गेला. आपल्याच हातून काही पाप घडलं म्हणून देवी कोपली, हे त्या माउलीनं मनात धरलं ते धरलंच. दर मंगळवारी मरीआईच्या उंबऱ्यावर नाक घासायच्या. येताना मी दिसलो की प्रसादाचं खोबरं हातावर ठेवायच्या. मी ते खायचो.

त्यांच्या अखेरच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो. दुसरं कोणी नव्हतं. "भावजी, मरीआईनं मला माफ केलं असंल का?"

"केलं असंल की," मी म्हणालो.