फाटकी कड

सदाशिव पेठेतल्या फ्रेमच्या दुकानात मी नवीनच लागलो होतो. शाळा सातवीत सुटलेली, गाव लांब. मालकांनी काढलं तर जायचं कुठे, ही धास्ती कायम. त्यात एक गृहस्थ जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ फ्रेम करायला घेऊन आले. कड फाटकी होती, म्हणून मी चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा जरा आत घेऊन ती झाकली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावलं. "अहो, चित्रकाराची सही कुठे पुरलीत?"

फ्रेम उघडून सही दाखवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अंकाचं वर्ष झाकलंत." पुन्हा उघडली. मग म्हणे, "फाटकी कड दिसू दे. आमच्या घरी अंक वाचला गेलाय, नुसता ठेवला नव्हता."

माझं डोकंच फिरलं. मालक तर माझ्यावर ओरडलेच, "एका फ्रेमला एवढा वेळ? उद्यापासून येऊ नकोस!"

गृहस्थ शांतपणे मालकांना म्हणाले, "मग मीही येत नाही. हे चुकतात, पण ऐकून घेतात. तुम्ही नुसतेच चुकता."

नोकरी राहिली. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनी लगेच पिशवीतून मुखपृष्ठांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "सावकाश करा. मी रोज येतोच बघायला."