रसिकुनचे शांत मासे

बन्यूमासच्या बाजूला जिवंत मासे वाहून नेणारे पुष्कळ आहेत, पण रसिकुनची गाडी ऐकू यायची नाही. म्हणजे इंजिन ऐकू यायचं, ते मेलं सदा खोकतच असायचं. मासे ऐकू यायचे नाहीत. इतरांच्या पिकअपमध्ये शेपट्यांची थडथड, धडपड, रस्ताभर सांडलेलं पाणी. रसिकुनच्या टाक्यांत सामसूम. बाटलीत पाणी आणि लवंगेचं तेल घालून तो ते पांढरं होईपर्यंत घुसळायचा आणि अंदाजाने टाकीत ओतायचा. मासे आधी डोलायचे, मग निपचित पडायचे. गिऱ्हाइकाच्या दारात पोचलं की झाकण उघडून तो बाजूला व्हायचा, नव्या सुनेचं तोंड दाखवावं तसा.

"किती शांत आलेत हो," लोक म्हणायचे.

शांत असणं ही तिकडे मोठी गोष्ट. रडत नाही ते मूल गुणाचं, उलट बोलत नाही ती सून गुणाची. मासेही त्यातच मोडले. रसिकुन अंगणात चहा घ्यायचा, "बरे आले ना?" विचारायचा, "छान आले" ऐकायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. त्याची उभी हयात अशी गेली. पोचवलेल्या माशांचं दुसऱ्या दिवशी काय होतं, हे बघायला तो कधी कुठे थांबला नाही. कशाला थांबेल?

मग त्याची साखर वाढली, पायांना मुंग्या यायला लागल्या आणि गाडी चालवणं जड जाऊ लागलं. म्हातारपणाची सोय म्हणून नवराबायकोने घरामागे तळं खणलं आणि गाठीला होतं नव्हतं ते मोडून विणीचे गुरामी मासे घेतले. काही माद्या आणि एकच नर. गुरामीचा नर काळ्या काथ्याचं घरटं बांधतो, त्यात मादी अंडी घालते. नर नसला तर तळं नुसतं डबकं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हे मासे घरचे, म्हणून रसिकुनने ते स्वतः आणले आणि जीव लावला म्हणून तेल हात सैल सोडून घातलं.

मासे असे शांत आले की तो स्वतःवरच खूश झाला.

संध्याकाळपर्यंत एक मादी उताणी झाली. गुरामीला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. गुंगीत पडलेल्या माशाला वर यायचं सुचणार कसं? ती मादी चक्क पाण्यात बुडून मेली होती. बाकीचे तळाशी पडून होते, कल्ले अगदी सावकाश हलत होते. रसिकुनने पाण्याला दोष दिला, विकणाऱ्याला शिव्या घातल्या, शेजाऱ्याची नजर लागली असंही म्हणून झालं.

त्याची बायको तासेम गावातल्या म्हाताऱ्यांची साखर तपासायला मदत करायची. यंत्र घरातच असे. सकाळी ती ते घेऊन तळ्यावर आली.

"अहो, नराला धरा जरा."

"माशाची साखर बघतेस? वेड लागलं का तुला?"

"तुमची गाडी पुलावरून घसरली तेव्हा तुमची साखर किती चढली होती? माणूस घाबरला की चढते. याची बघू."

तिने शेपटीजवळ टोचून थेंब घेतला. आकडा रसिकुनच्या साखरेच्याही वर गेला. मग तिने मोरीमागच्या हौदातली जुनी, धडधाकट गुरामी मादी काढून तपासली. तिची साखर निम्मीसुद्धा नव्हती.

"झोपलेला मासा घाबरेल कसा?" रसिकुन म्हणाला.

"अंग झोपलं. आतलं घाबरायचं राहिलं का? ओरडायची सोय तेवढी तुम्ही काढून घेतलीत."

पुढच्या दिवसांत माशांच्या अंगाचा बुळबुळीतपणा गेला आणि नराच्या पाठीवर कापसासारखी बुरशी धरली. खायला टाकलेली अळूची पानं तशीच तरंगत राहायची. घरट्यासाठी टाकलेल्या काथ्याकडे तर नर फिरकलाही नाही. रसिकुन काठावर बसून राही.

"आजवर एकाने तक्रार केली नाही," तो एकदा म्हणाला.

तासेम तांदूळ निवडत होती. "तुमच्याकडे नाही केली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? कास्वातीकडे जाऊन विचारा."

कास्वाती त्याची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक, सेरायु नदीपलीकडची. तिने मेंडोआनची गरम भजी तळून पुढे ठेवली आणि चहा दिला, चांगला गोड. नको म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो प्यायला.

"वहिनी, माझे मासे कसे यायचे?"

"छान यायचे, दादा."

"नंतर मरायचे?"

"मासा म्हटलं की एखाददुसरा जायचाच. तुमचे छानच यायचे. किती शांत."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय. अजून घ्या ना, गार होईल."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या सुनेची हाक आली. "आई, रसिकुन धुऊन ठेवू का? परवा मासे यायचेत."

कास्वाती जागच्या जागी थिजली. रसिकुन उठला आणि घरामागे गेला. तिथे सिमेंटची उथळ टाकी होती, वर सावलीला झावळ्या, कडेला हळदीचा वाडगा आणि खडेमीठ. सून खराटा घेऊन उभी होती. त्याला बघून तिने मान खाली घातली.

"हिचं नाव रसिकुन?"

"नाव असं नाही, दादा," मागून आलेली कास्वाती पुटपुटली. "तुमचे मासे आले की आधी हिच्यात ठेवायचे. जगतील वाचतील ते मग तळ्यात. सगळ्यांकडेच आहे अशी. तोंडात बसलं नाव, झालं."

"सगळ्यांकडे?"

रसिकुनला लाज वाटली, इतकी की कान तापले. त्या सगळ्या अंगणांत प्यायलेले चहा त्याला आठवत होते. आता हसून, नमस्कार करून निघता आलं असतं. तसं केलं असतं तर कास्वातीने सुटकेचा श्वास टाकला असता. पण घरी तळ्यात नर पडला होता, आणि त्याला उठवायचं कसं हे या बायकांना येत होतं, त्याला येत नव्हतं.

"वहिनी, माझा स्वतःचा नर आहे," तो म्हणाला. "अजून जिवंत आहे. या टाकीत त्याला जागा द्याल?"

कास्वातीने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आजच घेऊन या," ती म्हणाली. "पण दादा, तेल नको, त्याला जागा ठेवूनच आणा."