रुग्ण औषधे नियमित घेत नाही

शिलाईच्या कारखान्यात दीडशे मशिनी होत्या, आणि त्या सगळ्या एकाच बाईच्या धाकात आहेत असं तिथल्या पोरी म्हणत. ती मूळची शिवणारीच. पण मशीन अडली की मेकॅनिक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं तिला जमेना. बघत बघत शिकली, आणि एके दिवशी मेकॅनिकच्या जागी तिलाच घेतलं. सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. टाका का सुटतोय हे ती मशीन न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायची.

पस्तिशीत तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ती डायलिसिसच्या खुर्चीत बसली. नवऱ्याला मधुमेह निघाला, त्यामुळे त्याची किडनी चालेना. सख्ख्या भावानं आधी छाती ठोकून हो म्हटलं, आणि तपासणीची तारीख ठरल्यावर फोन उचलायचं बंद केलं. मग सासू म्हणाली, "माझी बघा."

घरात सगळ्यांना वाटलं थट्टाच चाललीय. ही सासू म्हणजे मुलांच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. दोनशे पोरांची पंगत तिनं कधी पाच मिनिटं उशिरा बसू दिली नाही. सुनेशी तिचं सलग आठ दिवस पटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. परवानगी देणाऱ्या समितीनं तिला विचारलं, कुणी दबाव आणलाय का. ती म्हणाली, माझ्यावर दबाव आणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. समितीतल्या बाईंना हसू आवरेना.

किडनी बसली आणि कामाला लागली. नातेवाईक भेटायला आले की मिस्त्रिणीला बजावायचे, जप हो, सासूची आहे. एकदा म्हातारीच तडकली. दिली म्हणजे दिली, म्हणाली, आता ती तिची.

चार वर्षं छान गेली. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी गोळ्यांची वेळ होती. या गोळ्यांमुळेच शरीर परक्या किडनीवर चाल करून जात नाही. त्या गोळ्यांनी मिस्त्रिणीचे हात थरथरायचे. सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा, बारीक स्क्रू बोटांतून निसटायचा. तिनं तेही जमवलं. कोपर टेबलाला टेकवून काम करायला शिकली. त्या गोळ्यांनी अंगाची प्रतिकारशक्तीही कमी होते, म्हणून धुळीत तोंडाला मास्क असायचा, शिंकणारी पोर दिसली की ती दहा पावलं लांब जायची. आणि एका वहीत, मशिनींच्या तेलपाण्याची नोंद ठेवावी तशी, ती प्रत्येक गोळीची वेळ लिहायची. संपलेल्या पाकिटाचं झाकण कापून त्या महिन्याच्या पानावर चिकटवायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, हा तिचा कामाचा स्वभाव होता.

पाचव्या वर्षी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर तिला वेगळ्या रंगाचं पाकीट मिळालं. तिनं विचारलं. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, कंपनी वेगळी, औषध तेच. तिनं घेतलं. तपासणीची तारीख तीन महिन्यांनी होती.

दोन महिन्यांत पाय सुजले. चप्पल घालता येईना. लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर किडनी मंदावली की वाढणारं क्रिएटिनिन एक पॉइंट एकवरून दोन पॉइंट सहावर गेलेलं. तिला तातडीनं भरती केलं, पोटात सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली होती. तीन दिवस सलाइनमधून जबर औषध दिलं. चेहरा सुजून गोल झाला, डोळ्याला डोळा लागेना. आकडा खाली आला, पण एक पॉइंट सातवर थांबला. किडनीचा काही भाग कायमचा गेला होता.

घरी जायच्या दिवशी तिनं डिस्चार्जचा कागद वाचला. कारणाच्या रकान्यात एका ओळीत लिहिलं होतं: रुग्ण औषधे नियमित घेत नाही.

तिला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय. वर नाव तिचंच होतं. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला तिनं विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. तो म्हणाला, रक्तात औषधाचं प्रमाण अगदी कमी निघालं, आणि त्याचा अर्थ तोच असतो. मग दुसऱ्या पेशंटकडे वळला.

घरी नवऱ्यानं कागद वाचला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्यानं हळूच विचारलं, "एखाददुसरी गोळी राहिली होती का गं?"

या प्रश्नानं ती जेवढी पेटली तेवढी त्या ओळीनंही पेटली नव्हती. उत्तर दिलं ते सासूनं, स्वयंपाकघरातून. "आठला तिच्यासमोर पाणी कोण ठेवतं? मी. मला विचार काय विचारायचं ते." म्हातारी हात पुसत बाहेर आली आणि सुनेला म्हणाली, "उद्या दोघी जाऊ. वही घे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बसल्या. दुपारी आत बोलावलं. मिस्त्रिणीनं वही उघडली. चार वर्षं आणि काही महिने, एकही रकाना रिकामा नाही. मग पाकिटांची झाकणं दाखवली. चार वर्षं एकच रंग, आणि शेवटच्या दोन पानांवर दुसरा. डॉक्टरांनी चष्मा चढवला. झाकणावरचं कंपनीचं नाव बघितलं, जुने रिपोर्ट काढले. कंपनी बदलली की रक्तातलं प्रमाण बदलू शकतं, आठवड्याभरात रक्त तपासायला हवं होतं, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. कंपनी बदलल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

मग मिस्त्रीण बोलली. आवाज चढला नाही.

"आमच्याकडे साधा स्क्रू बदलला तरी आम्ही चिंधीवर टाका घालून बघतो. तुम्ही माझं औषध बदललंत, बघितलं नाहीत, आणि बिघडल्यावर लिहिलंत की बाई खोटारडी आहे."

तसं कुणाला म्हणायचं नव्हतं, डॉक्टर म्हणाले. झालं ते वाईट झालं, पुढे काळजी घेऊ.

"उद्या मला दुसरी किडनी लागली तर ही ओळ आधी वाचतील. म्हणतील, हिला देऊन काय उपयोग. तोंडी नको. ह्याच कागदावर लिहा."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, फोनकडे बघितलं. सासू खुर्ची ओढून ठाण मांडून बसली, जणू पंगत वाढून होईपर्यंत उठणार नाही. शेवटी त्या शिकाऊ डॉक्टरला बोलावून घेतलं. त्यानं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं की औषधाची कंपनी बदलल्यानंतर प्रमाण तपासलं गेलं नाही, रुग्णाच्या नोंदी पूर्ण आहेत. सही करताना त्याचे कान लाल झाले होते. मिस्त्रिणीला त्याची दया आली नाही.

औषधाच्या खिडकीबद्दल तिनं तक्रार दिली. तीन महिन्यांनी उत्तर आलं, नोंद घेतली आहे. तो कागद वाचून तिनं दात-ओठ खाल्ले.

पुढच्या तपासणीला ती बाकावर बसली आणि शेजारच्यांची पाकिटं मागून बघू लागली. नऊ जणांपैकी तिघांच्या पाकिटाचा रंग बदलला होता. त्यातल्या एकाचंही रक्त तपासलेलं नव्हतं. तिनं तिघांनाही उठवून आत पाठवलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या लॉरी ड्रायव्हरचं प्रमाण इतकं खाली होतं की त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. त्याची किडनी वाचली, आकडाही हलला नाही. त्याची बायको मिस्त्रिणीचे हात धरून रडली, तेव्हा तिला बरं वाटलं आणि संतापही आला. हे बघणं तिचं काम नव्हतं. ज्यांचं होतं ते आत पंख्याखाली बसले होते.

दवाखान्यातून निरोप आला, बाहेर बसून पेशंटना घाबरवू नका. रखवालदार ओशाळून सांगत होता. ती म्हणाली, मी फक्त पाकीट बघते, घाबरायचं काय ते तुम्ही ठरवा.

डॉक्टर म्हणतात, किडनी अजून बरीच चालेल, पण आधी चालली असती तेवढी नाही. किती वर्षं कमी, ते कुणी सांगत नाही. ती कारखान्यात जाते, कोपर टेकवून स्क्रू बसवते, मास्क काढत नाही. सासूशी भांडणं पूर्वीसारखी चालू आहेत. मधे एकदा तो शिकाऊ डॉक्टर जिन्यात भेटला. म्हणाला, आता मी प्रत्येकाला पाकीट विचारतो. त्याला वाटलं होतं ती हसेल.

"विचारा," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.