काट्यावरचा अंगठा

आमच्याकडे चार पाहुणे जमले की गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे असतं. कोण कुठे घसरलं, कुणाच्या वरातीत कुणाचा फेटा उडाला – सगळं तिखटमीठ लावून. पण एक गोष्ट मी चोवीस वर्षं गिळून बसलोय. बायकोला, सुनंदालासुद्धा, सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही समोर दिसत नाही, म्हणून धीर होत असेल.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. मी कुपवाडला वजनकाट्यावर आहे. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन बघायचं, पावती फाडायची. ड्रायव्हर लोक काय काय करतात! चाक हळूच काट्याबाहेर ठेवतात, क्लीनरला केबिनमध्ये झोपवतात. मी काचेतून ओरडतो, "ए गड्या, त्याला खाली उतरव की!" इतक्या वर्षांत मला कुणी फसवलं नाही. फसवलं ते – पण थांबा, क्रमाने सांगतो.

प्राजक्ता पोटात होती तेव्हाची गोष्ट. सुनंदाला पाचवा महिना. आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग आई, मग सून. हा नियम कुणी केला? ठाऊक नाही. माझ्या सोयीचा होता, एवढं खरं. सुनंदाच्या वाट्याला अर्धी भाकरी आणि आमटीचं पाणी उरायचं. वर आईचं म्हणणं, "लय खाल्लं की बाळ मोठं होतंय, मग अडतंय." आई वाईट नव्हती. तिच्या सासूने तिलाही असंच जेवू घातलं होतं. पण मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. तिसरी भाकरी मागताना तर अगदी समोर दिसत होतं.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर दर महिन्याला वजन करायच्या. काटा पंचेचाळीसवरच अडकलेला. त्या म्हणाल्या, "पोटात बाळ वाढतंय आणि आईचं वजन जागेवर? पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये. वाढलं नाही तर तुला सरळ माहेरी पाठवणार. आई तरी पोटभर घालेल."

माहेर वडूजचं. माझे सासरे बोलायला लागले की गावभर ऐकू जायचं. "पोरगी दिली ती उपाशी माराय न्हाई दिली" – हे वाक्य त्यांनी अजून उच्चारलंही नव्हतं, पण मला महिनाभर ऐकू येत होतं. आईला "तिला आधी वाढ" म्हणायची माझी छाती नव्हती. मग मी काय केलं?

पुढच्या महिन्यात उपकेंद्रात सुनंदा काट्यावर उभी राहिली. पायाखालचा चपटा काटा, पुढे तबकडी. मी तिच्या मागे, तिची पिशवी धरून. साडीचा घोळ काट्यावर पसरलेला. मी चप्पल काढली – आणि पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर टेकवला. हळूहळू दाबला. सुई थरथरली की संशय येतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

सत्तेचाळीस.

सिस्टरनी कार्डावर लिहिलं. सुनंदाचा चेहरा काय फुलला! घरी आल्यावर आई म्हणाली, "बघा, आमच्यात काय कमी हाय व्हय?" आणि सगळं तसंच चालू राहिलं. अर्धी भाकरी, आमटीचं पाणी. आणखी एक महिना. तो महिना माझ्या अंगठ्याने दिलेला.

पुढच्या वेळी मी कामाचं निमित्त काढलं. आई तिच्याबरोबर गेली. खरा काटा खरं बोलला – साडेपंचेचाळीस. कार्डावर मात्र सत्तेचाळीस. सिस्टर घाबरल्या, "अगं, दीड किलो उतरलीस?" आईचा तोल गेला. दारातून आत येता येता ती बोलत होती, "पोटातल्या लेकरावर तरी दया करायची! खात न्हाईस, आन् नाव माझं खराब." सुनंदा रडत म्हणाली, "माझंच चुकतंय, आत्या."

मी त्या वेळी काय करत होतो, विचारा. जेवत होतो. मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिस्टर दारात. हातात स्वतःचा डबा. "मावशी, मला एकटीला घास उतरत नाही. तुमच्या सुनेला बसवा माझ्यासोबत." सून माझ्या आधी जेवायला बसली, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. आईने नाक मुरडलं. पण पाहुणीपुढे अर्धी भाकरी कशी ठेवणार? दीड भाकरी, घट्ट वरण, मेथी. जमेल त्या दिवशी सिस्टर यायच्या. कधी उकडलेलं अंडं आणायच्या, कधी शेंगदाण्याचा लाडू. गोळ्या घेतल्या का विचारायच्या. "एकदम नाही, दिवसातून चार वेळा खा," म्हणायच्या. पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत, तर आईच ओरडली, "सुनंदा, ताट घे आधी. तो थांबतोय की, काय मरतोय व्हय!"

मी थांबलो. मेलो नाही.

प्राजक्ता जन्मली तेव्हा पावणेतीन किलो. तिला तोलताना मी नर्सचे हात बघत होतो – कुणी काट्याला टेकलंय का म्हणून! सवय वाईट. वजन खरं होतं. त्या डब्याचं ऋण माझ्यावर आहे, शेवटी सुनेला आधी ताट देणाऱ्या आईचंही आहे. आज त्या दोघींतली कुणीच जवळ नाही. आई गेली, सिस्टर निवृत्त होऊन कुठे राहतात ठाऊक नाही.

आता प्राजक्ता बाळंतपणाला आलीय. सुनंदा तिला पहिलं ताट वाढते आणि समोर बसून सांगते, "नीट खा. मी तुझ्या वेळी दीड किलो उतरवलं होतं. काय चुकलं, मला आजतागायत कळलं नाही. तुला काही झालं असतं तर?" काल हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं. मी बाजूला पेपर धरून बसलो होतो. उलटा असेल, बघितलं नाही.

ते जुनं कार्ड तिने अजून जपलंय. सुनंदा सापडेल ते वाचते, पुडीचा कागदसुद्धा. हे लिहिलंय तेही वाचेल.

सुनंदा, तुझं काही चुकलं नव्हतं. तू कधीच उतरली नव्हतीस. कार्डावरचे ते जास्तीचे किलो माझ्या अंगठ्याचे आहेत.