सुईला काय भ्यायचं?

बदनापुरात आमच्या शेजारचे काका निवृत्त कंडक्टर होते. दवाखान्याला घाबरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते बसमधल्यासारखे ओरडून सांगत, "चला, पुढं सरका! सुईला काय भ्यायचं?"

काकूंना सारखी चक्कर येऊ लागली, तेव्हा साखर तपासायला आम्ही तिघं जालन्याला गेलो. काकूंनी मुकाट्यानं हात पुढं केला. नळीत चढणारं रक्त बघून काकाच बाकावरून घसरले. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडून त्यांनी आधी विचारलं, "तुझं बराबर झालं ना?"

"झालं की. आता तुमचंबी तपासून घ्या," काकू म्हणाल्या.

काका ताडकन उठले. "आज न्हाई जमायचं. चतुर्थी हाय, मला कडक उपास हाय."

"मंग तर बराबरच! या तपासणीला उपाशीच लागतं," म्हणत तपासणीवाल्यानं त्यांच्या दंडाला रबर बांधलं.